बर्फाच्या गावातली अनंताची फुलं

आपल्याकडे थंडी म्हणजे बागेचा हंगाम. दिवाळी सरली की शेवंती फुलते, झेंडू बहरतो, ॲस्टरची रोपं आणून लावावीशी वाटतात. अंगावर शाल लपेटून, हातात चहाचा कप घेऊन सकाळी अंगणात उभं राहण्याचं सुख थंडीतलंच. पण जिथं थंडी म्हणजे महिनोन् महिने बर्फ, माती दगडासारखी गोठलेली आणि झाडावर नावालाही पान नाही, तिथं बागेची हौस असलेल्या बाईनं काय करायचं?

अमेरिकेतल्या एका लहान गावातल्या एमिली डिकिन्सननं या प्रश्नाचं उत्तर स्वतःपुरतं शोधलं होतं. आज जग तिला इंग्रजीतली फार मोठी कवयित्री म्हणून ओळखतं. पण ती हयात असताना गावात तिची ओळख निराळी होती. उत्तम पाव भाजणारी आणि भर थंडीत फुलं फुलवणारी वकिलांची थोरली लेक, एवढीच! ती कविता करते हे मोजक्याच माणसांना माहीत होतं, आणि किती करते हे तर घरातसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं.

एमिलीचा जन्म १० डिसेंबर १८३० चा, ऐन थंडीतला. गाव ॲमहर्स्ट, मॅसॅच्युसेट्स राज्यातलं, बोस्टनपासून पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवर. आजोबांनी बांधलेलं विटांचं मोठं घर होतं, त्याला ‘होमस्टेड’ म्हणत. गावात कॉलेज उभं राहावं म्हणून आजोबांनी पदरचा पैसा ओतला, ते कर्जबाजारी झाले आणि घर परक्याच्या हाती गेलं. काही वर्षं डिकिन्सन मंडळी त्याच घराच्या अर्ध्या भागात राहिली. १८४० मध्ये, एमिली नऊ वर्षांची असताना, ती दुसऱ्या घरी राहायला गेली. थोरला भाऊ ऑस्टिन, मधली एमिली आणि धाकटी लॅव्हिनिया, जिला सगळे व्हिनी म्हणत, अशी ही तीन भावंडं.

बागेचं वेड आईकडून आलेलं. आईची तब्येत नाजूक, स्वभाव अबोल. पण झाडांना तिचा हात असा मानवायचा की त्या थंड मुलखात ती अंजिरं पिकवायची, आणि गावात त्या अंजिरांचं नाव होतं. लहानपणापासून एमिली आईच्या मागे मागे वाफ्यांतून फिरली. शाळेत वनस्पतीशास्त्र शिकवलं जाई. त्या काळी तिकडे मुलींना हा विषय आवर्जून शिकवत, कारण त्यासाठी मोकळ्या हवेत हिंडावं लागे आणि तो मुलींना शोभणारा अभ्यासही मानला जाई.

एमिलीनं तो विषय मनावरच घेतला. शाळकरी वयातच तिनं रानावनांतून, बागेतून फुलं-पानं गोळा केली, दाबून वाळवली आणि एका जाड वहीत चिकटवली. ६६ पानं आणि त्यांवर ४२४ वनस्पती! बहुतेकींच्या खाली बारीक अक्षरात लॅटिन नावाची चिठ्ठी. ही वही आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. इतकी नाजूक झालीय की सहसा कुणाला हात लावू देत नाहीत. गंमत म्हणजे तिच्या पहिल्याच पानावर जाई-जुईच्या कुळातलं एक फूल आहे. त्या बर्फाळ गावातल्या पोरीला वहीची सुरुवात करायला उष्ण मुलखातल्या या वेलीचं फूल मिळालं. ते तिथल्या उघड्या रानात सापडणारं नव्हे, कुणाच्या तरी घरात, कुंडीत जपलेलं असणार.

१८४७ मध्ये ती जवळच्याच माउंट होल्योक या मुलींच्या निवासी विद्यालयात शिकायला गेली. तिथं वर्षभरही राहिली नाही. १८४८ मध्ये घरी परतली आणि मग शिक्षणासाठी पुन्हा कुठं गेली नाही. वडील एडवर्ड डिकिन्सन गावातले प्रतिष्ठित वकील, पुढे अमेरिकेच्या संसदेतही जाऊन आलेले. करडे, शिस्तीचे. त्यांनी १८५५ मध्ये होमस्टेड हे वडिलोपार्जित घर पुन्हा विकत घेतलं. घराची डागडुजी करताना त्यांनी आग्नेयेच्या बाजूला एक छोटंसं काचघर जोडून दिलं. मुलींच्या हौसेखातर.

छोटंसं म्हणजे किती? जेमतेम ६ फूट रुंद आणि १७ फूट लांब. आपल्याकडच्या फ्लॅटच्या गॅलरीएवढं म्हणा ना! पण याच गॅलरीएवढ्या जागेनं एमिलीचा हिवाळा बदलून टाकला.

तिथला हिवाळा कसा येतो, हे समजून घ्यायला हवं. सप्टेंबरअखेरीला झाडांची पानं लाल-पिवळी होतात. मग एखाद्या रात्री हवा अशी गार पडते की सकाळी गवतावरचं दव गोठलेलं असतं. या पहिल्या गोठलेल्या रात्रीची तिकडच्या बागवाल्या बायका धास्ती घेऊन असतात. कारण पानांच्या आतलं पाणी गोठलं की पेशी फुटतात आणि काल टवटवीत असलेलं रोप सकाळी काळं पडून लोंबायला लागतं. म्हणून ती रात्र यायच्या आत नाजूक रोपं उकरून कुंडीत घ्यायची, घरात आणायची, अशी सगळी धावपळ असते. एमिली दर वर्षी ही धावपळ करायची आणि मैत्रिणींना लिहिलेल्या पत्रांत त्याची खबरही द्यायची. रोपांबद्दल ती लिहायची ते घरच्या माणसांबद्दल लिहावं तसं. कोण आजारी आहे, कोण गेलं, कुणाला आत आणलं!

एकदा बर्फ पडायला लागला की बाहेरच्या बागेला चार-पाच महिने रजा. वाफे, वाटा, गवत सगळं पांढऱ्याखाली गडप. मग बाग उरायची ती काचेआडच्या सहा बाय सतराच्या तुकड्यात.

तिथं काय काय होतं! नेच्यांच्या कुंड्या, पिवळी ऑक्सॅलिस (आपल्या अंगणात आपोआप उगवणाऱ्या आंबुशीची ही बहीण), फ्युशियाची लोंबती फुलं, कार्नेशन, व्हॅनिलासारख्या वासाची जांभळी हेलिओट्रोप, थंडीतच फुलणारी सुवासिक डॅफ्नी, वेलावरची जाई. आणि आपला अनंत! हो, अनंतच. इंग्रजीत त्याला गार्डेनिया म्हणतात, एमिलीच्या काळात ‘केप जॅस्मिन’ म्हणत. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर अंगणात घमघमणारं हे पांढरंशुभ्र फूल त्या बर्फाच्या गावात एमिलीनं काचेआड फुलवलं होतं. ज्यांनी अनंत लावलाय त्यांना माहीत आहे, हे झाड आपल्या हवेतसुद्धा किती नखरे करतं. पाणी जरा जास्त झालं की पानं पिवळी, कमी पडलं की कळ्या गळाल्या! तिथं तर बाहेर शून्याच्या खाली पारा.

हे साधायचं कसं? काचघराला ऊब मिळायची ती शेजारच्या खोलीतल्या शेगडीची. त्या शेगडीची धग दारातून आत यायची. उजेड मिळायचा तो उन्हाचा. त्या मुलखात हिवाळ्यात सूर्य फार वर चढतच नाही. डिसेंबरात भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम चोवीस अंश वर असतो. पण त्यामुळेच त्याची तिरपी किरणं काचेतून खोलवर आत शिरतात. काच ऊन आत घेते आणि वारा बाहेर ठेवते. दिवसभराची ही ऊब रात्री टिकवायची तर शेगडीकडे लक्ष हवं. आणि शेगडीनं हवा कोरडी पडते, नेच्यांना तर ओल हवी. म्हणून पाण्याकडेही लक्ष हवं. रोज, न चुकता. पाहुणे असोत, कणकण असो, घरात कुणाचं दुखणं असो, झाडाला सुट्टी समजत नाही.

एमिलीची भाची मार्था, म्हणजे ऑस्टिनची मुलगी, हिनं पुढे आपल्या आत्याच्या आठवणी लिहिल्या. त्यात एका झारीचं वर्णन आहे. एमिलीनं आपल्या कल्पनेप्रमाणे मुद्दाम करून घेतलेली ही छोटीशी झारी. तिची तोटी एखाद्या किड्याच्या मिशीसारखी लांब आणि बारीक होती. का, तर सगळ्यात वरच्या फळीवरच्या कुंडीलाही न सांडता नेमकं पाणी घालता यावं! ती झारी घेऊन फळ्यांपाशी उभी असलेली, अंगानं बारकी, तांबूस केसांची बाई डोळ्यांपुढे आणून पाहा. जगाच्या दृष्टीनं घरात कोंडलेली. आणि तिच्या हाताशी दूरदेशीच्या फुलांचा दरवळ.

दुसरी गंमत हायसिंथची. निशिगंधासारखे याचेही कांदे असतात. या कांद्यांचा स्वभाव असा, की त्यांना फुलायच्या आधी थंडी आणि अंधार हवा. दहा-बारा आठवडे गारठ्यात, काळोखात ठेवले की आतल्या आत मुळं धरतात. मग उजेडात, उबेत आणायचे. पुढच्या काही आठवड्यांत मातीतून कोंब वर येतो आणि बाहेर अजून बर्फ असताना घरात गुलाबी, निळ्या, पांढऱ्या फुलांचे तुरे डोलायला लागतात. एमिलीच्या झोपायच्या खोलीला चार खिडक्या होत्या. हिवाळा सरत आला की त्या चारही खिडक्यांच्या कट्ट्यांवर हायसिंथच्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या असायच्या. बाहेर वसंताला अजून अवकाश असायचा, हिच्या खोलीत तो आधीच हजर!

त्याच खोलीत खिडकीजवळ एक टेबल होतं, दीड फूट बाय दीड फूट. आपल्याकडे देवघरासमोर पाट असतो ना, तेवढंसं. त्यावर ती लिहायची.

बाहेरच्या बागेकडे तिनं हिवाळ्यात पाठ फिरवली होती असं मात्र नाही. खिडकीतून ती बाग रोज दिसायची. वडिलांनी लावलेलं हेमलॉक या सदाहरित झाडाचं कुंपण पांढऱ्यातही हिरवं राहायचं. सफरचंदाच्या निष्पर्ण फांद्यांची नक्षी, थंडीतही गाव न सोडणारा निळा जे पक्षी, कुंपणाच्या खांबांवर बसलेल्या बर्फाच्या टोप्या, हे सगळं तिच्या कवितांत आलंय. बर्फावरच्या तिच्या एका प्रसिद्ध कवितेत बर्फ हा शब्दच नाही. तिथं चाळणी आली आहे. रोज पीठ चाळणाऱ्या बाईलाच सुचावी अशी उपमा! आणि हिवाळा म्हणजे सगळा आनंदीआनंद, असं भाबडं सोंगही तिनं केलं नाही. थंडीतल्या दुपारच्या तिरप्या उजेडानं जीव कसा जड होतो, त्यावरही तिची कविता आहे. ती वाचली की वाटतं, हिला उदासी चांगलीच ओळखीची होती. म्हणूनच तर सकाळी उठून काचघराचं दार उघडणं तिला जरुरीचं असेल.

बागेला बर्फ वाईट, असं आपल्याला वाटतं. पण तिकडच्या जाणत्या बायकांना ठाऊक असतं की बर्फाचा जाड थर गोधडीसारखं काम करतो. वर कितीही कडाका असो, खालच्या मातीतली मुळं आणि कांदे त्या गोधडीखाली तगून राहतात. बर्फ न पडता नुसतीच थंडी पडली, तर मात्र माती सारखी गोठते-वितळते आणि मुळं वर उचकटली जातात. पांढऱ्या शुकशुकाटाखाली आपली बाग जिवंत आहे, हे एमिलीला पक्कं माहीत होतं.

आता तुम्ही म्हणाल, घरचं काम कोण करायचं? हा प्रश्न आपल्यालाच सुचणार, आणि तो महत्त्वाचा आहे. आई बहुधा आजारी, त्यामुळे घर दोघी बहिणींवर. वडिलांना पाव आवडायचा तो एमिलीच्याच हातचा. १८५६ मध्ये गावच्या प्रदर्शनात तिच्या राय आणि मक्याच्या पिठाच्या पावाला दुसरं बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी तर तिला परीक्षक म्हणून बसवलं! तिच्या काळ्या केकची कृती आजही उपलब्ध आहे. तिच्यात १९ अंडी आणि ५ पौंड बेदाणे लागतात. स्वयंपाकघरात काम करता करता सुचलेल्या ओळी ती हाताला लागेल त्या कागदावर उतरवायची. पाककृतीच्या पाठीमागे, पाकिटाच्या तुकड्यावर, चॉकलेटच्या वेष्टनावर सुद्धा.

घरकामाला आयरिश बायका असायच्या. अभ्यासकांनी तिच्या कवितांची वर्षवार मोजदाद केली आहे, ती पाहण्यासारखी आहे. १८६३ या एका वर्षात तिनं जवळजवळ तीनशे कविता लिहिल्या. १८६५ मध्येही दोनशेच्या वर. आणि १८६६ मध्ये? दहाच्या आसपास! आता याला कारणं अनेक असतील. डोळ्यांच्या दुखण्यासाठी १८६४ आणि १८६५ ही दोन वर्षं ती कित्येक महिने बोस्टनजवळ उपचार घेत होती, डॉक्टरांनी वाचन बंद केलं होतं. पण तेव्हाही लिहिणं थांबलं नव्हतं. मग झालं काय? १८६५ च्या ऑक्टोबरात घरची जुनी मोलकरीण मार्गारेट ओब्रायन लग्न होऊन गेली आणि जवळजवळ साडेतीन वर्षं कायमची अशी बाई मिळालीच नाही. पाण्याचे हंडे, चुली, राख, कपडे, भांडी! अलीकडच्या अभ्यासकांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. आपल्याला ती समजायला अभ्यासक असायची गरज नाही. १८६९ मध्ये मार्गारेट मेहर ही आयरिश बाई घरात आली आणि एमिलीच्या अखेरपर्यंत राहिली. तेव्हापासून लिहिण्याला पुन्हा थोडी उसंत मिळाली. काही कवितांच्या वह्या तर या मार्गारेटच्याच ट्रंकेत ठेवलेल्या होत्या. एमिलीचा तरुणपणीचा एकमेव खात्रीचा फोटो घरच्यांना पसंत नव्हता. तोही मार्गारेटनं जपला म्हणून आज आपल्याला दिसतो.

आणि व्हिनी! ही बहीण नसती तर एमिली एमिली झालीच नसती. बाजार, पाहुणे, देणीघेणी सगळं व्हिनीनं अंगावर घेतलं. दोघीही अविवाहित राहिल्या. १८६५ नंतर एमिलीनं गाव सोडलं नाही आणि हळूहळू घराचं आवारही सोडेनाशी झाली. पांढरे कपडे घालायची. पाहुणे आले की जिन्यावरून वर निघून जायची. याची कारणं लोकांनी नाना तऱ्हेची लावली. प्रेमभंग म्हणाले, आजार म्हणाले, विक्षिप्तपणा म्हणाले. पण माणसं तिला नकोशी होती असं तिच्या वागण्यावरून दिसत नाही. गल्लीतल्या मुलांसाठी ती वरच्या खिडकीतून दोरीला टोपली बांधून आल्याचा केक खाली सोडायची. गावात कुणी आजारी पडलं, कुणाकडे बाळ आलं, कुणाकडे दुःख झालं की तिच्याकडून फुलांचा गुच्छ पोचायचा, आणि त्यात खोचलेली कागदाची घडी. त्या घडीत चार-आठ ओळी असायच्या. लोक फुलं पाण्यात ठेवायचे आणि चिठ्ठी बाजूला. आज त्या चिठ्ठ्या जगातल्या मोठमोठ्या ग्रंथालयांत आहेत!

टॉमस हिगिन्सन या नावाजलेल्या लेखकाशी तिचा पत्रव्यवहार होता. १८७० च्या ऑगस्टमध्ये ते तिला पहिल्यांदा भेटायला आले, तेव्हा ती दबक्या पावलांनी आली आणि ओळख करून द्यायच्या ऐवजी तिनं लिलीची दोन फुलं त्यांच्या हातात ठेवली. फुलांचीच तिला सवय, दुसरं करणार काय!

पुढची वर्षं कठीण गेली. १८७४ च्या जूनमध्ये वडील गेले. बरोबर एका वर्षानं आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली ती सात वर्षं. दोघी मुलींनी तिचं सगळं केलं. लहानपणी आईशी फारसं न जमलेल्या एमिलीला ती याच काळात जवळची वाटू लागली. झोपून असलेल्या माणसाची सेवा ज्यांनी केलीय त्यांना सांगायला नको, दिवस कसा तुकड्या-तुकड्यांत जातो. त्या तुकड्यांतही काचघराला पाणी घातलं जात होतं, थंडीत फुलं येत होती. १८८२ च्या नोव्हेंबरात आई गेली. पुढच्याच वर्षी शेजारच्या घरातला ऑस्टिनचा आठ वर्षांचा मुलगा गिल्बर्ट विषमज्वरानं गेला. या भाच्यावर एमिलीचा जीव. त्या रात्री कित्येक वर्षांनी तिनं आपलं अंगण ओलांडलं आणि ती भावाच्या घरी गेली. त्यानंतर मात्र तिची तब्येत ढासळली ती ढासळलीच.

१५ मे १८८६ रोजी ती गेली. वय अवघं पंचावन्न. मे महिना म्हणजे तिकडे ऐन फुलांचा. पांढऱ्या पेटीत तिला ठेवलं. व्हिनीनं तिच्या हातात हेलिओट्रोपची दोन फुलं दिली. तिच्या इच्छेप्रमाणे गावातल्या बड्या मंडळींऐवजी घरी काम करणाऱ्या आयरिश गड्यांनी पेटी उचलली आणि मागच्या दारानं, बागेतून, पिवळ्या फुलांनी भरलेल्या शेतातून दफनभूमीकडे नेली. रस्त्यावरून गाजावाजा करत जाणं नाही. जिथं ती आयुष्यभर वावरली त्याच वाटेनं.

मग व्हिनीनं बहिणीची खोली आवरायला घेतली. एमिलीनं सांगितल्याप्रमाणे तिनं आलेली पत्रं जाळली. आणि आवरता आवरता तिला हातानं शिवलेल्या चाळीस छोट्या वह्या आणि सुट्या कागदांचे गठ्ठे सापडले. सगळ्या मिळून जवळजवळ १८०० कविता! बहीण लिहिते हे माहीत होतं, पण इतकं? हयातीत छापून आल्या होत्या त्यातल्या जेमतेम दहा, त्याही नावाशिवाय. कवितांबद्दल काही सांगून ठेवलेलं नव्हतं. व्हिनी काही साहित्यिक नव्हती. पण हे जाळायचं नाही, एवढं तिला कळलं. मग ती हट्टालाच पेटली. आधी वहिनीच्या मागे लागली, मग मेबल टॉड या शेजारणीच्या. मेबल त्या घरात जाऊन गाणं म्हणायची, पण तिनं एमिलीला समोरासमोर कधीच पाहिलं नव्हतं. मेबल आणि हिगिन्सन यांनी मिळून १८९० मध्ये पहिला संग्रह काढला. मुखपृष्ठावर मेबलनं रंगवलेलं ‘इंडियन पाइप’ हे एमिलीचं आवडतं रानफूल होतं. जंगलातल्या सावलीत उगवणारं, अंगात हिरवा रंग मुळीच नसलेलं, पांढरंफटक. या पुस्तकाच्या भराभर आवृत्त्या निघाल्या. सगळ्या कविता तिनं लिहिल्या तशाच्या तशा, बदल न करता छापून यायला मात्र १९५५ साल उजाडलं.

काचघराचं काय झालं? १९१६ मध्ये घर विकलं गेलं आणि नव्या मालकांच्या काळात काचघर पाडण्यात आलं. पण खिडक्यांची तावदानं कुणीतरी टाकून न देता जपून ठेवली होती. पुढे ते घर संग्रहालय झालं आणि २०१७ मध्ये त्याच जुन्या तावदानांसह काचघर पुन्हा त्याच जागी, त्याच मापाचं उभं राहिलं. आता तिथं हिवाळ्यात पुन्हा हिरव्या कुंड्या दिसतात.

मैत्रिणींनो, एमिलीसारखं घरात बसून राहावं असं कुणी म्हणणार नाही. तिचा काळ वेगळा, तिच्या घरची परिस्थितीही वेगळी. तिच्या वाटचं काम उचलणारी बहीण होती, मार्गारेट होती, हे विसरून चालणार नाही. पण एवढंसं टेबल आणि गॅलरीएवढं काचघर घेऊन या बाईनं काय करून ठेवलं, ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. मोठी जागा मिळेल तेव्हा बघू, सवड झाली की करू, असं ती म्हणत बसली नाही. जी जागा मिळाली तिथं झारी घेऊन रोज उभी राहिली. कुणी पाहत नव्हतं, कुणी शाबासकी देत नव्हतं. कांद्याला अंधारात मुळं फुटतात हे ठाऊक असलेल्या बाईला त्याची घाईही नसावी.

तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत हातभर जागा असेल, तर या थंडीत तिथं एक कुंडी ठेवा. सकाळचं कोवळं ऊन तिरपं होऊन थेट आत येतं, ते फुकट जाऊ देऊ नका. अनंताचं झाड असेल तर थंडीत त्याला पाणी बेतानंच घाला, माती वरून सुकली की मग. आणि पाणी घालताना मनात एखादी ओळ आली, तर हाताशी असेल त्या कागदावर ती लिहून ठेवा. वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे सुद्धा चालेल.